मासे नकोत, खडक हवेत

रजू,

भाऊच्या धक्क्याजवळच्या त्या दुकानदाराला मागच्या आठवड्यात मीच सांगितलं. बोटीवरच्या यंत्राची एक क्लिप तुटली होती, ती घ्यायला गेले होते. मला बघताच त्याने हातातली दोरी खाली ठेवली आणि विचारलं, "वो सोनोग्राफीवाली डॉक्टर नहीं आयी?"

"वो गुजर गयी," मी म्हटलं.

त्याने आत जाऊन क्लिप शोधून आणली, कागदात गुंडाळली आणि मग म्हणाला, "मेरी दुकान में मशीन से झगडा करनेवाली वो एकही थी."

बाहेर आले आणि मासळीच्या एका ट्रकमागे उभी राहून रडले. बर्फाचं पाणी चपलांखालून वाहत होतं. तुझ्या घरी नव्हते रडले, हॉस्पिटलात नव्हते रडले. तुझ्या आईसमोर तर प्रश्नच नव्हता. एक हमाल थांबला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, बाजूला व्हा, गाडी मागे येतेय." मी बाजूला झाले. तू असतीस तर हसली असतीस.

तुझ्याबद्दल लोक सध्या जे बोलतात ते ऐकून मला तुझी ओळख पटत नाही. परळच्या चाळीतून आलेली, गिरणी कामगाराची मुलगी, एवढी मोठी डॉक्टर झाली, किती शांत, किती सोशिक. शांत? सोशिक? तू? दादरच्या तरणतलावात आपली ओळख झाली तीच भांडणातून. सुट्टीत मी लालबागहून यायचे, तू परळहून. मला पोहता यायचं, पण खोल भागाकडे गेले की मी कठडा सोडायचे नाही. तू मात्र पोहायचीसच नाहीस. सरळ तळाशी जायचीस आणि वर येऊन सांगायचीस, "खाली एक केसांची पिन आहे, दोन बटणं आहेत आणि मेलेलं झुरळ आहे." मी किंचाळून बाहेर पडले तेव्हा तू कठड्याला धरून म्हणालीस, "ए, झुरळ मेलंय. ते तुला काय करणार?" त्यावरून आपण तासभर भांडलो आणि नंतर एकत्र वडा खाल्ला.

पुढे तू रेडिऑलॉजिस्ट झालीस. म्हणजे तळाशी काय आहे ते बघायचंच काम घेतलंस, फक्त माणसांच्या पोटात. मी लोअर परळच्या एका ऑफिसात विम्याच्या फायली हलवत राहिले. पण दरवर्षी दिवाळी झाली की आपण दोघी मालवणला माझ्या मावसभावाकडे, बाबूकडे जायचो. बाबूची बोट. तो लोकांना स्कूबाला नेतो. त्यानेच आपल्याला शिकवलं. पहिल्यांदा खाली गेले तेव्हा मी वर पळायला इतकी धडपडत होते की तू माझा पट्टा धरून ठेवला होतास, आणि डोळे माझ्यावर. खालचे मासे तू बघितलेच नाहीस त्या दिवशी. हे मी तुला कधी म्हटलं नाही. तुला तळ बघायचा किती सोस होता हे मला माहीत होतं, आणि तो पूर्ण वेळ तू मला बघत होतीस.

मालवणच्या किल्ल्याजवळ बोटींची इतकी गर्दी व्हायला लागली की पाण्याखाली माणसं एकमेकांच्या डोक्यावर पाय द्यायला लागली. बाबूला नवीन जागा हव्या होत्या. जिथे पाण्याखाली खडक, तिथे प्रवाळ, तिथे मासे. बाकी सगळी नुसती वाळू. पण तो खडक सापडायचा कसा? बाबू म्हणाला, फिश फाइंडर घेऊ, आवाजाच्या लहरींनी तळ दाखवणारं यंत्र. निवडायचं काम आपण दोघींनी अंगावर घेतलं. आणि त्याच उन्हाळ्यात एका दुपारी तुझा फोन आला. ओपीडी संपल्यावर दार लावून घेऊन तू स्वतःच्याच पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला होतास.

"मिने, मला काहीतरी दिसलंय," तू म्हणालीस. "आणि माझं वाचन चुकत नाही, तुला माहितीय."

ऑपरेशन झालं. पावसाळाभर केमो चालली. तुझी आई गॅलरीत उभी राहून तुझी वाट बघायची आणि मी सुट्ट्या टाकून तुझ्या उशाशी बसायचे. केस गेले तेव्हा तू म्हणालीस की आता मास्कमध्ये पाणी शिरायचं नाही. मी हसले. मग डॉक्टरांनी सांगितलं की डायव्हिंग विसरा. तेव्हा तू काहीच विनोद केला नाहीस. भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस आणि तसंच विचारलंस, "त्या यंत्राचं काय झालं?"

मला वाटलं होतं, तो विषय आता बंद. तुझ्यासाठी तो तेव्हा सुरू झाला.

दिवाळीनंतर जरा बरी झालीस तशी आपण धक्क्याजवळच्या दुकानात गेलो. डोक्याला रुमाल, तोंडावर मास्क. दुकानदाराने चार यंत्रं काचेवर मांडली आणि पहिलंच चालू केलं. पडद्यावर रंगीत माशांची चित्रं एका रांगेत पोहायला लागली.

"हे काय?" तू विचारलंस.

"मच्छी, मॅडम. मशीन खुद पहचानता है."

"मशीनला जिथे कळत नाही तिथे ते मासा काढतंय," तू मला म्हणालीस, आणि त्याला, "ये पहले बंद करो."

"मॅडम, आपको मच्छी पकडनी है या पत्थर पकडना है?"

"पत्थर. मच्छी लालबागमें मिलती है."

तो खो खो हसला आणि त्यानंतर तुझ्या ताब्यातच गेला. तू त्याला प्रश्नांवर प्रश्न विचारलेस. लहरी किती बारीक? खाली जाताना किती पसरतात? लाकडी बोटीला प्रोब कुठे बसवणार, पंख्याचा फेस त्याच्यात येणार नाही ना? त्या भागाला तू सेन्सर म्हणालीच नाहीस, शेवटपर्यंत प्रोबच. दोनशे मीटर खोल दाखवणारं यंत्र त्याने पुढे केलं तर म्हणालीस, "आम्ही माणसांना वीस मीटरच्या खाली नेणारच नाही. मग खोल बघणारं कशाला? बारीक बघणारं द्या."

मला साधं यंत्र हवं होतं, तुला आठवतं. सरळ खाली बघणारं. बाबूच्या हाताला खारं पाणी, ग्रीस, मासळी. त्याला दाबायला चार बटणं पुरेत, असं माझं म्हणणं. तुला हवं होतं ते दोन्ही बाजूंना लांबवर बघणारं. शेवटी वैतागून दुकानदारानेच ओळखीच्या एका बोटीवर दोन्ही यंत्रं चढवली आणि आपल्याला धक्क्याबाहेर एक फेरी मारून आणलं. पाणी चहासारखं. माझ्या यंत्रावर तळाशी एक फुगवटा आला.

"हा काय आहे सांग," तू म्हणालीस.

"खडक."

"गाळाचा ढीग का नाही? माशांचा थवा का नाही? मी असा रिपोर्ट दिला तर मला घरी पाठवतील." मग दुसऱ्या यंत्राकडे बोट. तिथे तोच फुगवटा आडवा, लांबट, आणि त्याच्यामागे काळी जीभ. "ही सावली. पित्ताशयात खडा असला की आम्हाला खडा नंतर दिसतो, सावली आधी. आवाज जिथून आरपार जात नाही तिथे मागे अंधार पडतो. सावली असली म्हणजे वस्तू टणक. आणि सावली जेवढी लांब तेवढी वस्तू उंच."

"काय आहे मग तो?"

"पाइप. किंवा खांब. माणसाने केलेलं काहीतरी. निसर्ग इतकं सरळ काही करत नाही."

मी हरले. तरी परत येताना म्हटलं, "पण पडदा एवढा मोठा कशाला? छोटा चालेल की."

तू समुद्राकडे बघत होतीस. "तुम्ही दोघं खाली जाणार," तू म्हणालीस. "मी वर बसून काय लाटा मोजू?"

मग मोठाच घेतला.

डिसेंबरात मालवणला तू बोटीच्या टपाखाली त्या पडद्यासमोर जी बसलीस ती जेवायलाही उठली नाहीस. बाबू संथ पट्टे मारायचा, शेत नांगरतात तसे, आणि तू बोलत राहायचीस. "वाळू. वाळू. वाळूच. थांब, हळू. नाही, वाळू." पहिले दोन खडक असेच सापडले. आम्ही खाली जाऊन यायचो आणि तू सगळं विचारून घ्यायचीस. खडकाला भेग होती ना डाव्या बाजूला? मासे वरच्या अंगाला होते ना? असायचेच. "तुमचे बुडबुडे मला खांबासारखे दिसतात," तू म्हणालीस. "तुझा खांब जाड. तू श्वास फार घेतेस, मिने." त्या दिवसांत तुला मी जितकं आनंदात बघितलं तितकं आपण दोघी खाली जायचो तेव्हाही बघितलं नव्हतं. का ते मला अजून नीट कळलेलं नाही.

तिसरा खडक लांब होता, आणि त्याच्या पायथ्याशी एक छोटी चौकोनी सावली.

"हे खडकाचं नाही," तू म्हणालीस. बाबूला तीनदा तिथून फिरवलंस. तीनदा तीच सावली. "खाली जा आणि बघून या. हात लावू नका."

लाकूड राहिलं नव्हतं. किड्यांनी कधीच खाल्लं होतं. वाळूत रुतलेली दोन-तीन लोखंडं, कपारीत अडकलेला पंखा, त्याचा दांडा, आणि इंजिन. त्याच्यावर इतके शिंपले आणि प्रवाळ की आधी तो खडकच वाटला. भोवती पिवळ्या माशांची नुसती जत्रा. इतकी देखणी जागा आम्ही त्या समुद्रात पाहिली नव्हती. पण बाबू इंजिनासमोर थांबला आणि बोटांनी मला खूण केली. दोन. पुन्हा दोन.

वर आल्यावर त्याने मास्क काढला. त्याचा चेहरा उतरला होता. "दोन सिलिंडरचा इंजिन," तो म्हणाला. "माझ्या ल्हानपणी आमच्या बंदरात असला इंजिन एकाच व्हडीक होता. ही वसंतकाकाची व्हडी."

वसंतकाका त्याच बंदरातले, एका संध्याकाळी मासेमारीला एकटेच गेले होते. खलाशाला ताप होता. वादळ नव्हतं, वारा नव्हता. परत आले नाहीत. होडी मिळाली नाही, फळी मिळाली नाही, काही नाही. मी लहान होते, पण गावात काय बोलायचे ते मलाही माहीत होतं. होडी विकली आणि पळाला. गोव्यात आहे. दुसरा संसार आहे. कोणी कोणी तर बघून आलो म्हणून सांगायचं. इंदूकाकी, त्यांची बायको, वर्षभर ते ऐकत राहिली आणि मग मुलीला घेऊन मुंबईला आली. लालबागला. परत गावी गेली नाही. मुलीच्या लग्नालाही गावच्या कोणाला बोलावलं नव्हतं.

बोटीवरच आपलं भांडण झालं. बाबूने नुसतं विचारलं, ही जागा लोकांना दाखवायची का? मी म्हटलं, अजिबात नाही. तिथे माणूस गेलाय. उद्या कोणीतरी त्या इंजिनावर बसून अंगठा दाखवत फोटो काढेल.

"काढू देत," तू म्हणालीस.

"रजू, ते स्मशान आहे."

"मेलेल्या माणसाकडे लोकांनी येऊ नये असं कोणी सांगितलं तुला? आमच्याकडे सहा डिसेंबरला दादरला बघ. लाखो येतात. पुस्तकं विकत घेतात, वडे खातात, पोरं खांद्यावर. फोटो पण काढतात. आम्हाला तर कधी वाटलं नाही की बाबासाहेबांना त्याचा त्रास होतो."

"ते वेगळं."

"हो, वेगळं. पण एकटं पडण्यापेक्षा बरं."

तू किती आजारी आहेस हे मी त्या क्षणी विसरले नव्हते आणि तूही नव्हतीस, आणि तरी आपण दोघी वसंतकाकांबद्दलच बोलतोय असं दाखवत राहिलो.

"तुम्ही दोघी कोण ठरवूक?" बाबू म्हणाला. "काकीक विचारा."

लालबागच्या त्या खोलीत आपण गेलो तेव्हा काकी मिरच्यांची देठं काढत बसली होती. मुलगी आणि जावई कामावर. सगळी खोली मिरच्यांनी लाल, आणि तू आत पाऊल टाकल्या टाकल्या शिंकायला लागलीस. काकीने आधी तुला पाणी दिलं, मग मला विचारलं, "ही कोण गो?" मी म्हटलं, माझी मैत्रीण, डॉक्टर आहे. तिने तुझ्या रुमालाकडे बघितलं आणि टोपली उचलून लांब ठेवली.

मी कशी सुरुवात करायची याची घोकंपट्टी करून आले होते. तोंड उघडलं आणि सगळं विसरले. तूच तिच्याजवळ सरकलीस. "काकी, तुमच्या यजमानांची होडी सापडली," तू म्हणालीस. "मालवणच्या समुद्रात. खडकाला लागून बुडाली होती. इंजिन तिथेच आहे."

काकीने हातातली मिरची खाली ठेवली नाही. ती तशीच धरून बसली. रस्त्यावरून मसाला कुटणाऱ्या डंकाचा आवाज येत होता.

"नक्की तीच?"

"बाबूने इंजिन ओळखलं. दोन सिलिंडरचं. पंखा खडकाच्या कपारीत अडकलेला आहे. काकी, ते कुठे पळून गेले नव्हते."

मग तिने विचारलेला प्रश्न मला अजून ऐकू येतो. "घराकडे तोंड होता काय, का भायर?"

मी तुझ्याकडे बघितलं. मी खाली जाऊन आले होते, पण माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तू वर बसून पडद्यावर बघितलं होतंस. तू क्षणभर डोळे मिटलेस, आणि मला माहितीय की तू खोटं सांगणार नव्हतीस, तुला ते येतच नव्हतं. "दांडा आणि पंखा समुद्राच्या बाजूला आहेत," तू म्हणालीस. "इंजिन किनाऱ्याच्या बाजूला. म्हणजे होडीचं तोंड किनाऱ्याकडे होतं. ते परत येत होते."

काकी पदराने नव्हे, मनगटाने डोळे पुसायला गेली. मिरचीचा हात लागू नये म्हणून. पण लागलाच. मग तिची आग आणि तिचं रडू यांतलं कुठलं कुठलं ते कळेना, आणि तू तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाण्याने धूत राहिलीस. ती म्हणत होती, "येत होतो. येत होतो तो."

जाताना तू तिला लोकांना ती जागा दाखवण्याबद्दल विचारलंस. माझं मत काय होतं तेही प्रामाणिकपणे सांगितलंस. काकी म्हणाली, "जावंदेत सगळे. बघूंदेत. पण आधी माका बघूचा असा."

"मी नेते तुम्हाला," तू म्हणालीस.

फेब्रुवारीत दुखणं परत आलं. डॉक्टर दुसरं औषध देऊ म्हणाले. तू नको म्हणालीस. हॉस्पिटलसमोरच्या चहावाल्याकडे उभ्या उभ्या आपण जे भांडलो ते आपलं शेवटचं भांडण. मी म्हटलं, थोडा तरी वेळ मिळेल. तू म्हणालीस, "वेळ मिळेल, पण तो वॉर्डात. डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलंस ना? मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ऐकलं."

"आईचा विचार कर."

"आईला मी घरी हवीय."

"आणि मला?"

तू चहाचा ग्लास ठेवलास आणि म्हणालीस, "तुला मी काकीबरोबर बोटीवर हवी होते. तेवढं नाही जमायचं, मिने."

रजू, मी अजूनही म्हणते, ते औषध घ्यायला हवं होतंस. तू बरोबर होतीस असं मी केवळ तू गेलीस म्हणून मान्य करणार नाही. तू घरी राहिलीस, आईच्या हातचा भात चार घास का होईना खाल्लास, गॅलरीतल्या बायकांशी गप्पा मारल्यास, हे सगळं मी बघितलं. ते चांगलं होतं हेही बघितलं. पण मला आणखी एक महिना हवा होता. वॉर्डातला तर वॉर्डातला. हे भांडण असंच राहणार आहे आणि त्याची मला आता सवय करावी लागेल.

तुझ्या जलदान विधीला काकी आली होती. कोणी बोलावलं नव्हतं, पत्ता विचारत विचारत परळला आली. त्रिशरण सुरू झालं तेव्हा सगळे हात जोडून बसले. तिला शब्द येत नव्हते, तीही हात जोडून बसली. नंतर ती तुझ्या आईच्या शेजारी जाऊन बसली आणि दुपारभर तिचा हात धरून राहिली. निघताना काकी मला म्हणाली, "माका कधी नेतंस?"

परवा नेलं.

तुझ्या जागेवर, पडद्यासमोर, तिला बसवलं. मला वाचता येईल की नाही याची धास्ती होती. वाळू, वाळू, वाळू. मग खडक, आणि त्याच्या पायथ्याशी ती चौकोनी सावली. मी बोट ठेवून दाखवली. बाबूने इंजिन बंद केलं. काकीने पडद्याकडे थोडा वेळ बघितलं, मग मान वळवून खऱ्या पाण्याकडे. मला वाटलं, फुलं टाकेल, रडेल. ती चक्क ओरडली. "इतकी वर्सां माका बोल लावून घेतलंय तुझ्यासाठी! एकट्यान जाव नको म्हणान सांगितलेलंय ना तुका? सांगितलेलंय ना?" बराच वेळ ती त्यांना रागावत होती. बाबू तोंड फिरवून उभा राहिला. मग ती दमली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "चल. माका बाजारात जावचा असा."

मला वाटलं, तिला मासळी हवीय. बंदरावरचा बाजार भरला होता. ज्या बायकांच्या बोलण्याला कंटाळून ती गाव सोडून गेली होती त्यांच्यातल्या दोघी-तिघी अजून तिथेच बसतात, म्हाताऱ्या झाल्यात. काकी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यांनी तिला ओळखायला वेळ लावला.

"माझो घोव गावलो," ती म्हणाली. एवढ्या मोठ्याने की पलीकडचा बर्फवाला थांबला. "खडपार व्हडी लागली. घराकडे येत होतो. कोणाक बघूचा असात तर बाबू नेवन दाखयतलो."

मग त्यांतल्या सगळ्यांत म्हातारीने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि विचारलं, "कोणी सोदल्यान गो?"

काकीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"परळच्या," ती म्हणाली, "आमच्या रजनीन."